आवाज नको, शांतता विकत घ्या
प्रवासात ऐकण्यासाठी इअरफोन, हेडफोन आणि खिशातला अँप्लिफायर निवडताना



वस्तीत आरोग्याच्या बैठकीला बसलं की आयांची एक तक्रार हमखास येते. "ताई, पोरगं दिवसभर कानात ते बोळे घालून बसतं. हाक मारली तरी ओ देत नाही. जरा समजवा त्याला." पोराला समजवायचं ते मी समजवतेच, पण आधी आयांना एक विचारते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, एक टीव्ही, शेजारचा मिक्सर आणि खाली गल्लीत चाललेलं भांडण, यात त्या पोराने एमपीएससीचं लेक्चर ऐकायचं कसं? त्याला वेगळी खोली नाही. कानातले ते दोन बोळे हीच त्याची खोली आहे.

बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत वाढले. अभ्यासासाठी पहाटे दोनला उठायचे, कारण तेव्हाच खोलीत शांतता असायची. आज आपली मुलं हीच शांतता इअरफोनमध्ये शोधतात. कुणी लोकलमध्ये उभ्याने लेक्चर ऐकतं, कुणी डिलिव्हरीच्या दोन फेऱ्यांमध्ये भीमगीतं, कुणी ताई कामावर जाताना बसमध्ये धम्मप्रवचन. ऐकून शिकणं आपल्याला नवं नाही. बुद्धवचन लिहून निघण्याआधी काही शतकं ते कानांनी ऐकून आणि तोंडाने म्हणूनच टिकलं. शहाण्या माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलं आहे तो.

म्हणून "कानातलं काढ" एवढं ओरडून भागत नाही. काय घालायचं, किती वेळ आणि किती आवाजात, हे कळलं पाहिजे. दुकानदार आपल्याला आवाज विकतो: डबल बास, एक्स्ट्रा लाऊड, सोबत आवाज वाढवणारा अँप्लिफायर. आपल्याला विकत घ्यायची आहे ती शांतता. या लेखाचं सार एवढंच आहे. ते का आणि कसं, ते आता पाहू.

कान पुन्हा मिळत नाही

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन चिमुकल्या हाडांमधून आतल्या कानात जातो. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिच्यात द्रव असतो आणि अतिशय बारीक केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. एका कानात जन्मतः अशा साधारण पंधरा-सोळा हजार पेशी असतात. पुढे आयुष्यभर त्यात एकाचीही भर पडत नाही.

गवतावरून एकदा कुणी गेलं तर गवत आडवं होतं आणि थोड्या वेळाने उभं राहतं. रोज त्याच जागेवरून शंभर माणसं गेली की पायवाट पडते, तिथे गवत उगवत नाही. केसपेशींचंही तसंच होतं. मोठ्या आवाजानंतर कान बधिर झाल्यासारखा वाटतो, कानात 'चीं' असा आवाज येतो आणि सकाळपर्यंत बरं वाटतं. हे गवत आडवं पडल्याचं लक्षण आहे. तेच रोज होऊ लागलं की पायवाट पडते, आणि त्यावर औषध नाही, ऑपरेशनही नाही.

हे नुकसान लपून येतं. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखे वर्ण पुसट होतात, पण 'आ', 'ओ' असे स्वर ऐकू येत राहतात. मास्तर 'साठ' म्हणाले की मागच्या बाकावर 'आठ' ऐकू येतं. मुलाला आपण ऐकत नाही हे कळत नाही, मास्तरांना वाटतं पोरगं मठ्ठ आहे आणि घरच्यांना वाटतं दुर्लक्ष करतं. आपल्या मुलांच्या माथी आधीच पुष्कळ शिक्के मारले जातात, त्यात हा एक नको.

आवाजाचा आठवड्याचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे तेवढंच नुकसान निम्म्या वेळात होतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा अशी आहे: ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबलला ४० तास आहे. यावरून मोठ्यांचा हिशेब असा निघतो:

८० डेसिबल: आठवड्यात ४० तास
८३ डेसिबल: २० तास
८६ डेसिबल: १० तास
९० डेसिबल: साधारण ४ तास
१०० डेसिबल: साधारण २४ मिनिटं
११० डेसिबल: अडीच मिनिटांच्या आत

हा संपूर्ण आठवड्याचा कोटा आहे, एका दिवसाचा नाही. आणि तो फक्त इअरफोनचाही नाही. यंत्रमागावर, वेल्डिंगच्या दुकानात किंवा काँक्रीट फोडण्याच्या मशीनवर काम करणाऱ्या भावाचा कोटा कामावरच संपतो. त्याने घरी येताना कानात मोठ्याने गाणी लावली तर तो उधारीवर ऐकतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर दोन तास नाचलेल्या कानालाही पुढचा आठवडाभर विश्रांती हवी. हे कुणाला बोचेल, पण परिचारिका म्हणून मला सांगावंच लागतं.

आपल्या वस्त्या कुठे आहेत, याचाही यात वाटा आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रेल्वेमार्गाला, हायवेला किंवा कारखान्याला लागून घर असलेल्या माणसाने हे आकडे फक्त कागदावर पाहिलेले असतात. ज्यांच्या घराभोवती बाग आहे त्यांचा कान घरी विसावतो. आपल्याला ती विसाव्याची सोय प्रयत्नाने करावी लागते.

आवाज का वाढवावा लागतो?

पोरं हौसेने आवाज वाढवतात, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. बाहेरच्या गोंगाटाच्या वर शब्द ऐकू यावेत म्हणून बोट आपोआप बटणावर जातं.

एक उदाहरण घेऊ. गाडीच्या डब्यात ८० डेसिबलचा गोंगाट आहे असं धरा. कानात नुसते अडकवायचे, सैल इअरफोन घातले तर सगळा गोंगाट आत येतो. लेक्चर नीट कळायला ते ९० डेसिबलवर न्यावं लागतं. आठवड्याला फक्त चार तास! बदलापूरहून किंवा विरारहून रोज कामाला जाणाऱ्याचे चार तास दोन दिवसांत संपतात. आता त्याच माणसाने कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन घातले आणि त्यांनी २० डेसिबल गोंगाट बाहेर अडवला, असं धरा. आत पोचतात ६० डेसिबल. मग लेक्चर ७० वर ठेवलं तरी शब्द न् शब्द कळतो, आणि ७० डेसिबलला कानाची काळजी करायचं कारण नाही.

फोन तोच, लेक्चर तेच, डबाही तोच. फरक पडला तो फक्त बाहेरचं बाहेर ठेवल्यामुळे. म्हणून खरेदीला गेल्यावर 'हा किती मोठ्याने वाजतो' हे विचारू नका. 'हा किती गोंगाट अडवतो' हे विचारा.

कोणता प्रकार घ्यायचा?

कडक प्लॅस्टिकचे, कानाच्या वाटीत नुसते अडकणारे इअरफोन सगळ्यात स्वस्त असतात आणि कधी फोनसोबतही येतात. ते गोंगाट अडवत नाहीत. घरात रात्री ऐकायला चालतील, गाडीत नकोत.

कानाच्या नळीत बसणारे, रबरी किंवा फोमचे टोक असलेले इअरफोन प्रवासासाठी बहुतेकांना योग्य. त्यांच्यासोबत लहान, मधली आणि मोठी अशी तीन मापांची टोकं येतात. आपण मात्र बसवलेलं माप तसंच वापरतो आणि बाकीची पाकिटासकट फेकून देतो. तसं करू नका. तिन्ही मापं लावून बघा. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते आणि टोक नीट बसतं. टोक बरोबर बसलं की भोवतीचा आवाज एकदम दबतो आणि गाण्यातला ढोलकीचा खर्ज भरीव होतो. गाणं पातळ, पत्र्यासारखं वाजत असेल तर टोक सैल आहे. तिथे आवाज वाढवू नका, टोक बदला.

कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन गोंगाट चांगला अडवतात आणि कानाच्या नळीत काही जात नाही. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना आणि ज्यांना कानात घातलेलं सोसत नाही त्यांना हे बरे. गैरसोय अशी की घाम येतो आणि गर्दीत सांभाळावे लागतात. मागून जाळी असलेले उघडे हेडफोनही मिळतात. ते घरी शांतपणे ऐकणाऱ्यांसाठी असतात, गाडीत त्यांचा उपयोग नाही.

नॉइज कॅन्सलिंग म्हणजे गोंगाट रद्द करणारे महाग इअरफोन. त्यांच्यातला माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि यंत्र त्याच्या उलट लाट तयार करून तो मारतं. बसच्या इंजिनाची घरघर, पंख्याची गुणगुण असा सतत चालणारा खालचा आवाज त्याने छान कमी होतो. माणसांचं बोलणं, हॉर्न, भांड्यांचा खणखणाट तेवढा कमी होत नाही. पैसे असतील तर जरूर घ्या. नसतील तर नीट बसणारं रबरी टोक कमी पैशात बरंच काम करतं.

गालाच्या हाडाला टेकणारे, कान मोकळा ठेवणारे हेडफोनही हल्ली दिसतात. ते हाडातून कंप पाठवतात म्हणून कानाला धोका नाही, असं दुकानदार सांगतात. ते खरं नाही. कंप शेवटी त्याच केसपेशींपाशी जातो. सकाळी मैदानात चालताना ते उत्तम, पण गाडीच्या गोंगाटात त्यांचाही आवाज वाढवावाच लागतो.

वायरचे की ब्लूटूथ? वायरच्याला चार्जिंग लागत नाही, एक बाजू हरवत नाही आणि कमी पैशात बरा आवाज मिळतो. ब्लूटूथची छोटी बॅटरी काही वर्षांत दम तोडते आणि ती सहसा बदलून मिळत नाही. पण गर्दीत वायर अडकून तुटते, हेही खरं. ब्लूटूथमुळे मेंदूला काही होतं का, असं बायका विचारतात. त्याच्या लहरी फोनच्या लहरींपेक्षा कितीतरी क्षीण असतात. काळजी करायची तर आवाजाची करा.

डब्यावरचे आकडे वाचायला शिका

इअरफोनच्या डब्यावर दोन आकडे कामाचे असतात. पहिला ओहम. हा विजेला होणारा अडथळा. फोनला जोडायचे इअरफोन साधारण १६ ते ३२ ओहमचे असतात आणि फोन त्यांना सहज वाजवतो. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, तो डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. समजा तिथे १०० लिहिलं आहे. त्याचा अर्थ एक मिलिवॉट, म्हणजे वॉटचा हजारावा भाग इतकी वीज दिली की तो इअरफोन कानाशी १०० डेसिबल आवाज काढतो.

हे पुन्हा वाचा. हजारावा भाग वॉट आणि १०० डेसिबल, म्हणजे आठवड्याचा कोटा २४ मिनिटांत संपवणारा आवाज. साध्या इअरफोनला इतकी कमी वीज पुरते.

'एक्स्ट्रा बास', 'मोठा ड्रायव्हर', 'एचडी साऊंड' या जाहिरातीच्या गोष्टी. '२० ते २०,००० हर्ट्झ' हेही जवळपास प्रत्येक डब्यावर असतं, कारण निरोगी तरुण कान तेवढंच ऐकतो. पावसात आणि घामात वापरायचे असतील तर 'आयपीएक्स ४' हे अक्षर-आकडे शोधा. त्याचा अर्थ उडालेल्या पाण्याच्या थेंबांनी ते बिघडत नाहीत. पाण्यात बुडवलेले चालतील असा नाही.

खिशातला अँप्लिफायर

हल्ली काडेपेटीएवढे किंवा छोट्या पॉवरबँकेएवढे पोर्टेबल अँप्लिफायर मिळतात. फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये ते जोडायचे आणि आवाज वाढतो. व्हिडिओ पाहून पोरांना ते हवेसे वाटतात. ते कुणाला लागतात ते नीट समजून घ्या.

स्टुडिओत वापरायचे काही हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचे असतात. सेनहायझरचा एचडी ६०० हा नावाजलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे. अशांना फोनची वीज पुरत नाही, आवाज मरतुकडा येतो. तिथे अँप्लिफायर हवा. आपल्यातली पोरं आता घरच्या घरी भीमगीतं आणि रॅप रेकॉर्ड करतात, मिक्सिंग करतात. त्यांच्याकडे असे हेडफोन असतील तर अँप्लिफायर त्यांच्या कामाची वस्तू आहे. पण हे हेडफोन खोलीत बसून काम करायचे, लोकलमध्ये लटकत ऐकायचे नाहीत.

१६ किंवा ३२ ओहमच्या साध्या इअरफोनला अँप्लिफायर जोडला तर काय होतं, तो हिशेब करू. वीज दहापट झाली की आवाज १० डेसिबलने वाढतो. आपल्या १०० सेन्सिटिव्हिटीच्या इअरफोनला एक मिलिवॉटवर १०० डेसिबल, दहा मिलिवॉटवर ११० आणि शंभर मिलिवॉटवर १२० डेसिबल. डब्यावर '१०० मिलिवॉट' लिहिलेला अँप्लिफायर म्हणजे कान दुखेपर्यंत नेणारं यंत्र. आपल्या कानाला त्याचा काहीच उपयोग नाही.

"पण ताई, जुन्या भाषणांचं रेकॉर्डिंग फार हळू येतं." बरोबर. पण अँप्लिफायर शब्दांबरोबर रेकॉर्डिंगमधली खरखरही तेवढीच वाढवतो. त्याऐवजी तीन गोष्टी करून पाहा. इअरफोनचं टोक नीट बसवा. फोनच्या इक्वलायझरमध्ये बास थोडा कमी करा, म्हणजे बोलणं वर येतं. आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू करा. काही रेकॉर्डिंगमध्ये आवाज एकाच बाजूला असतो, तो मग दोन्ही कानांना मिळतो.

फोनला गोल भोक नसेल तर वायरचे इअरफोन लावायला टाइप-सीचा छोटा डोंगल लागतो. फोनमधले आकडे आवाजात बदलणारी चिप आणि एक लहानसा अँप्लिफायर बहुधा त्या डोंगलमध्येच असतो. साध्या इअरफोनला तेवढा पुरतो, वेगळं यंत्र नको. ब्लूटूथ इअरफोनमध्ये तर अँप्लिफायर आतच बसवलेला असतो, त्याला बाहेरून जोडताही येत नाही. वाचलेले पैसे चांगल्या टोकांवर खर्च करा.

आजीच्या कानाचं मशीन

आवाज वाढवणारं आणखी एक यंत्र वस्तीत येतं आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. आजी-आजोबांना ऐकू येईनासं झालं की बाजारातून किंवा मोबाईलवरून काहीशे रुपयांचं 'कानाचं मशीन' मागवतात. ते दिसतं श्रवणयंत्रासारखं, पण असतो साधा अँप्लिफायर. तो प्रत्येक आवाज सरसकट वाढवतो. आजीला नातवाचं बोलणं कळत नाही, पण ताटं आपटल्याचा आवाज कानात घुसतो. दोन दिवसांत ते मशीन कपाटात जातं आणि आजी म्हणते, "नको बाई, बहिरीच बरी."

खरं श्रवणयंत्र आधी तपासणी करून देतात. कोणता सूर किती कमी ऐकू येतो त्याचा आलेख काढतात, जेवढा भाग कमी तेवढाच वाढवतात आणि ठराविक आवाजाच्या पुढे जाऊ देत नाहीत. आणि कित्येकांना यंत्र लागतच नाही. कानात मळ घट्ट झालेला असतो, पडद्याला भोक असतं, कानात पाणी असतं. यावर उपचार आहेत. क्षयरोगासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं घेतलेल्यांनी तर तपासणी करून घ्यावीच, कारण या औषधांनी कानाच्या पेशींना इजा होऊ शकते.

तपासणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात होते. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरात घाटी. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर श्रवणयंत्र मिळतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड तयार ठेवा. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. खिडकीवरून परत पाठवलं तर कारण लिहून मागा.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर 'मळ असेल' म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. उपचार लवकर सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता वाढते.

कान वाहत असेल तर

आपल्या वस्त्यांत कान वाहणारी मुलं कमी नाहीत. ज्याचा कान वाहतो किंवा ज्याच्या पडद्याला भोक आहे त्याने नळीत जाणारे इअरफोन वापरू नयेत. ओल आणि ऊब कोंडली की जंतू वाढतात. त्याला बाहेरून झाकणारे हेडफोन चालतील, तेही डॉक्टरांना विचारून. पावसाळ्यात ओल्या कानात इअरफोन घातल्याने बुरशी होते आणि कान खाजतो. आधी कान टॉवेलने बाहेरून टिपा, सुकू द्या, मग घाला.

इअरफोन ही टूथब्रशसारखी एकाचीच वस्तू. दुसऱ्याचे घालू नका, आपले देऊ नका. रबरी टोकं आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. कानात गरम तेल, पिन, काडी, कापसाची दांडी काहीही घालू नका. मळ कानाचा शत्रू नाही. कान तो स्वतःच बाहेर ढकलतो, काडीने आपण तो आत ठासतो.

रस्ता आणि रूळ

गोंगाट अडवणारा इअरफोन गाडीचा हॉर्नही अडवतो. म्हणून नियम साधा ठेवा: बसलेले किंवा डब्यात उभे असाल तर दोन्ही कानांत, चालत असाल तर हातात. रूळ ओलांडायची वेळ असो, रस्ता ओलांडायची असो की दुचाकीवर बसायची, दोन्ही कान मोकळे. डिलिव्हरी करणाऱ्या भावांना पत्ता ऐकावा लागतो हे मला माहीत आहे. गाडी बाजूला घ्या, पत्ता ऐका, मग निघा. रात्री उशिरा एकट्या परतणाऱ्या मुलींनीही कान मोकळे ठेवावेत, मागून येणारं पाऊल ऐकू यावं.

या रविवारी एवढं करा

खरेदीला जाल तेव्हा दुकानात गाणं लावू नका, कुणाचं तरी भाषण लावा. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवा आणि दुकानाच्या बाहेर, रहदारीच्या कडेला उभे राहून ऐका. निम्म्यावर शब्द स्पष्ट कळले तर घ्या. आवाज वाढवावा लागला तर दुसरं माप किंवा दुसरा इअरफोन मागा.

घरी फोनच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधता येते. ती ६० टक्क्यांवर ठेवा, लहान मुलांच्या फोनवर त्याहून खाली. तासभर ऐकलं की दहा मिनिटं कान उघडे ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाचं साधं बोलणं ऐकू आलं नाही तर आवाज जास्त आहे असं समजा. गोंगाट अडवणारे इअरफोन असतील तर ही खूण फसवी ठरते, तिथे फोनवरचा आकडा पाहा. कानातले घालून झोपू नका.

कानात 'चीं' आवाज राहत असेल, टीव्हीचा आवाज घरात इतरांपेक्षा मोठा लागत असेल, गर्दीत बोलणं कळत नसेल, मूल वर्गात चुकीचं ऐकत असेल, तर कान तपासून घ्या. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. त्या आठवड्यात विहारात वंदनेनंतर कानतपासणीचं शिबिर भरवा. महिला मंडळाने जवळच्या सरकारी रुग्णालयाला महिनाभर आधी पत्र दिलं तर ते होऊ शकतं.

सोण नावाच्या भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. घरात मुलाचे इअरफोन हिसकावून घेऊ नका आणि त्याला वाटेल तेवढा आवाजही करू देऊ नका. त्याच्या शेजारी बसा, एक टोक आपल्या कानात घालण्याऐवजी फोनवरचा आवाजाचा आकडा बघा आणि दोघांनी मिळून तो निम्म्यावर आणा.

जय भीम! नमो बुद्धाय!